रक्तातलं किती, बाहेरचं किती?

रोहा सोडून पनवेलकडे निघालं की पहिलं छोटं स्थानक निडीचं. पुढे नागोठणे, कासू, पेण. या गाडीत कधी ना कधी असं एखादं कुटुंब दिसतंच. मांडीवर रिपोर्टांची फाईल, हातात एक्स-रेची पिशवी, बरोबर डबा. कुणाला पुढे खारघरला जायचं असतं, कुणाला थेट परळला. आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. पण आईशेजारी बसलेल्या लेकीच्या मनात एक धास्ती असते, उद्या हे आपल्यालाही होईल का?

याच प्रश्नाच्या मुळाशी जाण्यासाठी एका मराठी बाईनं आयुष्य वेचलं. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्ये. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ स्वतः जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरच जावई मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. कमलताईंनी यातलं काहीच केलं नाही. १९३९ साली त्यांनी गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि १९४३ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रं. सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण पेशी कशी विभागते आणि आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात, याचे धडे त्यांनी तिथेच गिरवले. कॅन्सर म्हणजे तरी काय? पेशींच्या विभाजनाला लगाम न राहणं.

पुढे मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. करू लागल्या. संसार सांभाळून शिकणाऱ्या बायकोला यजमानांची मनापासून साथ होती. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

त्यांचा अभ्यास होता उंदरांवर. काही वंशांच्या माद्यांना स्तनाचा कॅन्सर सहज होई, काहींना क्वचितच. अशा चार वंशांच्या स्तनग्रंथींची रचना कमलताईंनी ताडून पाहिली. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. कॅन्सर होणाऱ्या वंशाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीच्या दुधावर वाढवली, तर त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण खूप कमी होई. म्हणजे जे नुसतं रक्तातलं वाटत होतं, त्यातलं बरंचसं दुधातून येत होतं. पुढे कळलं की तो एक विषाणू होता. (ही उंदरांची गोष्ट. आपल्याकडे अंगावर पाजल्यानं बाळाला काही होत नाही, उलट आईचा धोका थोडा कमीच होतो.) आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू या तिन्हींचा धागा जोडून पाहणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये कमलताई होत्या.

१९४९ साली पीएच.डी. मिळाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जगवायचं तंत्र तिथे होतं. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशी, तिला न विचारता घेतलेल्या, अखंड वाढत राहिल्या आणि जगभर पोचल्या.

तिकडेच राहणं सोपं होतं. कमलताई परत आल्या. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती अशी पहिली प्रयोगशाळा मानतात. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही त्या परत बोलावत. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं, पुढे लस तयार करण्याच्या प्रयत्नांना त्याचा उपयोग झाला. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ साली त्यांच्या पुढाकारानं भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत राहिल्या. २००१ साली त्यांचं निधन झालं.

परळच्या त्या संस्थेचं काम पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरला आलं. तिथे आज तरुण मुलंमुली कॅन्सरच्या जनुकांवर पीएच.डी. करतात. आता बरंच उलगडलंय. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींतच तो आईबापांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो. १९९४ आणि १९९५ साली अशी दोन महत्त्वाची जनुकं सापडली. त्यांत दोष आहे का, हे आता रक्ततपासणीतून कळतं.

म्हणून गाडीतल्या त्या लेकीनं मनातला प्रश्न गिळून टाकू नये. आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला, कोणत्या वयात हा आजार झाला, ते डॉक्टरांना सरळ सांगावं. घराण्यातली गोष्ट लपवण्यात अब्रू नाही, सांगण्यात शहाणपण आहे. कमलताईंनी पिढ्यान् पिढ्यांच्या उंदरांच्या नोंदी ठेवल्या, त्या याचसाठी.