लोकनायक बापूजी अणे आणि युद्धाचा प्रश्न

लोकमान्य टिळकांच्या वऱ्हाडातील अनुयायांत अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांपाठोपाठ नाव येते ते माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे यांचे. लोकांनी त्यांना प्रेमाने लोकनायक म्हटले. परंतु दुसऱ्या महायुद्धात लोक एका वाटेने गेले आणि लोकनायक दुसऱ्या. त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण सहसा दोन ओळींत उरकले जाते. वास्तविक बापूजी समजून घ्यायचे तर तेथेच थांबावयास हवे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे अमरावतीस शिक्षकाचे काम केले व पुढे यवतमाळास वकिली थाटली. टिळकांकडून त्यांनी प्रतियोगी सहकारितेचे तत्त्व घेतले. सरकार जेथे देईल तेथे घ्यावे, जेथे अडवील तेथे झगडावे, असा त्याचा मथितार्थ. १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यास जयकर, केळकर, मुंजे प्रभृतींबरोबर त्यांनी याच तत्त्वावर पक्ष उभारला. तरीही १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात जाणारे बापूजीच होते. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पुढल्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते मालवीयजींसह बाहेर पडले व काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. काँग्रेसने आपली मंत्रिमंडळे मागे घेतली. मध्यप्रांत-वऱ्हाडातील रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळही गेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या युद्धास माणूस वा पैसा देऊ नये, एवढेच जाहीरपणे सांगावयाचे आणि अटक पत्करावयाची. सत्याग्रहींची निवड गांधीजींच्या संमतीने होई. देशभरात वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणीही त्याच वाटेने गेले.

याचा परिणाम पक्षाच्या घडणीवर झाला. कायदेमंडळातील वक्तृत्व, वकिलीतील नाव, सरकारदरबारी वजन ही पुढारीपणाची जुनी मापे मागे पडली आणि तुरुंगवास हे नवे माप आले. युद्धकाळात निवडणुका लांबणीवर पडल्या. १९३४ चे मध्यवर्ती कायदेमंडळ १९४५ पर्यंत चालले. मतपेटी बंद असता पक्षाची चाळणी तुरुंगाच्या दारात होत होती.

नेमक्या अशा वेळी, १९४१ मध्ये, बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते स्वीकारले. टिळकांच्या शिष्याला ते विसंगत वाटले नाही. पण ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे वणीच्या शेजारीच, चिमूरला उठाव झाला आणि पोलीस व लष्कराच्या अत्याचारांची वार्ता सर्वत्र पसरली. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी नोव्हेंबरात थेट बापूजींच्या दिल्लीतील निवासस्थानी गेले. चिमूरला येऊन स्वतः पाहावे, एवढीच त्यांची मागणी होती. बापूजी गेले नाहीत. भणसाळींनी उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालले. सत्तेत राहून जनतेचे काही करता येईल, या विश्वासाची त्याहून कठोर परीक्षा कोणती असणार?

१० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना बिनशर्त सोडावयास तयार होईना. तेव्हा बापूजी, नलिनीरंजन सरकार आणि होमी मोदी या तिघांनी राजीनामे दिले. जेथे अडवील तेथे झगडावे, हा तत्त्वाचा दुसरा भाग बापूजींनी पाळला, पण उशिरा. त्यांची रिकामी जागा मध्यप्रांताचेच माजी मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी घेतली. त्याच वर्षी बापूजी सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले.

युद्ध संपल्यावर निवडणुका झाल्या तेव्हा तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते आणि आझाद हिंद सेनेचे खटले यांनी वातावरण भारलेले होते. १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेत ११२ पैकी ७० जागा मिळविणाऱ्या काँग्रेसला १९४६ मध्ये ९२ मिळाल्या. युद्धाला नकार देणाऱ्यांच्या पदरात लोकांनी भरभरून माप टाकले होते.

बापूजींचा लौकिक मात्र एवढ्याने पुसला गेला नाही. स्वतंत्र भारतात ते बिहारचे राज्यपाल झाले. विदर्भवादी म्हणून नागपुरातून लोकसभेवर गेले. टिळकांवर त्यांनी संस्कृतात रचलेल्या महाकाव्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, पण तो घ्यावयास ते नव्हते. २६ जानेवारी १९६८ रोजीच त्यांचे देहावसान झाले होते.

एका युद्धात उपयोगी पडलेले गुरूचे तत्त्व दुसऱ्या युद्धात तसेच लागू पडेल असे नाही, हे बापूजींच्या जीवनातून दिसते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निष्ठा शाबूत असूनही माणूस लोकांपासून दूर जाऊ शकतो. राजकारणात पडू इच्छिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे.