शार्लट कुशमन

अमेरिकेच्या रंगभूमीवरील पहिली थोर नटी म्हणून जिची गणना होते, ती शार्लट कुशमन ता. २३ जुलै १८१६ रोजीं बोस्टन शहरीं जन्मली. ती लहान असतांनाच वडिलांचा व्यापार बुडाला व कुटुंबावर दारिद्र्याची पाळी आली. शार्लटचा कंठ खर्जाचा व भरदार होता. त्याच्या बळावर घर सावरावें ह्या हेतूनें तिनें संगीताचा अभ्यास केला आणि १८३५ सालीं ती बोस्टन येथें संगीत नाटकांत उतरली.

त्याच वर्षीं ती न्यू ऑर्लिन्स येथें गेली. तेथील विस्तीर्ण नाट्यगृहांत तिला स्वाभाविक पट्टीच्या वर ताण देऊन गावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत तिचा गळा कायमचा बिघडला. वय अवघें एकोणीस, घर दूर, आणि निर्वाहाचें एकमेव साधन नष्ट! अशा स्थितींत एका अनुभवी नटाच्या सल्ल्यावरून तिनें गाणें सोडून अभिनय पत्करला. पहिलीच भूमिका लेडी मॅक्बेथची. योग्य पोषाखही तिच्याजवळ नव्हता; ती उंच व सडपातळ, तर जिच्याकडून पोषाख उसना आणला ती नटी ठेंगणी व स्थूल! तो कसाबसा बेतून ती १८३६ सालीं रंगभूमीवर आली, आणि गाण्यास निरुपयोगी ठरलेला तोच घोगरा आवाज श्रोत्यांच्या अंगावर शहारे आणूं लागला.

त्याच वर्षीं न्यू यॉर्कच्या बॉवरी नाट्यगृहास आग लागून तिचे सर्व पोषाख जळाले. तरीही पुढें पार्क नाट्यगृहांत मिळेल ती भूमिका करीत तिनें आपली कला घडविली व आईभावंडांचा भार वाहिला. १८४४ सालीं ती इंग्लंडला निघाली. पुढील वर्षीं लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहांत ती स्वतः रोमिओ व तिची बहीण सुझन ज्यूलिएट झाली. त्या प्रयोगांनीं इंग्रज रसिक थक्क झाले.

स्वदेशीं यादवी युद्ध चालूं असतां, १८६३ सालीं, रोमहून परत येऊन तिनें निरनिराळ्या शहरीं प्रयोग केले आणि जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं ८,००० डॉलरांहून अधिक रक्कम दिली. १८६९ सालीं कर्करोगासाठीं तिजवर शस्त्रक्रिया झाली. तरी तिचें काम थांबलें नाहीं. ता. ७ नोव्हेंबर १८७४ रोजीं न्यू यॉर्क येथें तिनें प्रेक्षकांचा निरोप घेतला, तो लेडी मॅक्बेथच्याच वेषांत. ता. १८ फेब्रुवारी १८७६ रोजीं बोस्टन येथें ती निवर्तली.

तिच्या जन्मघराच्या जागीं पुढें मुलींची शाळा उभी राहिली व तिला शार्लटचेंच नांव देण्यांत आलें. गेलेल्या गळ्याचा शोक करीत न बसतां उरलेल्या आवाजाचें चीज करणाऱ्या स्त्रीचें ह्याहून उचित स्मारक तें कोणतें?