पोलाद कारखान्याऐवजी कणांच्या टकरींकडे : डॉ. होमी भाभा

भिलाई : पोलादावर उभ्या राहिलेल्या या नगरीत डॉ. होमी भाभा यांची एक ओळख आवर्जून सांगावी अशी आहे. घरच्यांच्या मनाप्रमाणे घडते, तर तेही पोलाद कारखान्यात अभियंता झाले असते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या भाभांची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. केंब्रिजहून यंत्र अभियांत्रिकी शिकून यावे आणि जमशेदपूरला रुजू व्हावे, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवावा, मग गणिताकडे वळावे, अशी अट वडिलांनी घातली. ती १९३० मध्ये पुरी झाली.

कणावर कण आदळायचा आणि तो कोणत्या कोनात विखुरतो हे मोजायचे, हे प्रकीर्णन. प्रोटॉन हा निव्वळ बिंदू नाही, त्याला आकारमान आहे, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे याच मार्गाने दाखविले. इलेक्ट्रॉन बिंदूवत प्रोटॉनवर आदळला असता जसे विखुरले असते, त्याहून प्रत्यक्ष मोजमाप वेगळे आले. त्या फरकावरून निघालेली त्रिज्या मिलिमीटरच्या लाखकोटीव्या भागाहूनही कमी होती!

अशा ताळ्यासाठी आधी गणित चोख हवे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे तसे गणित भाभांनी मांडले. तो निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे दोन कण एकमेकांना नुसते ढकलत नाहीत, तर नाश पावून पुन्हा जोडीने निर्माणही होतात, हा दुसरा मार्गही हिशेबात धरावा लागतो, हे त्यांनी दाखविले. हेच भाभा प्रकीर्णन.

१९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळुरूत रामन यांच्या संस्थेत काम, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती त्यानंतर, १९५९ मध्ये. संस्था वाढत गेल्या, तसे त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडले. ही किंमत लहान नव्हती.

२४ जानेवारी १९६६ रोजी जिनेव्हाकडे उतरू लागलेले एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि वयाच्या ५६ व्या वर्षी भाभा गेले. त्याच जिनेव्हाजवळ १९८९ पासून २००० पर्यंत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविणारे महायंत्र चालले. त्यात किती टकरी झाल्या, याची मोजदाद भाभा प्रकीर्णनाच्या आधारेच केली जात असे.