धुंडिराज गोविंद फाळके
धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे चित्रपटनिर्माते व त्यापूर्वी मुद्रणव्यावसायिक होते. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात छपाईचे ठसे बनविण्याचा कारखाना काढला. ठसेकामात धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवून उघडा भाग अम्लाने कोरतात. कोरणे उथळ राहिल्यास छपाईत शाई भरते, अति झाल्यास बारीक ठिपके नष्ट होतात. रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. पुढे भागीदारांशी मतभेद होऊन त्यांनी हा व्यवसाय सोडला. मात्र छायाचित्रण व रसायनांचा अनुभव कामी आला. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म पत्नी सरस्वतीबाईंच्या साहाय्याने दादरच्या घरीच धुतली गेली.