ध्रुवीय प्रकाशाचे कोडे सोडवणारे बर्कलंड

विजा चमकून पाऊस पडला की पीक हिरवंगार होतं, असं आमचे आजोबा नेहमी सांगतात. मला त्याचं हसू यायचं. पण विज्ञानाच्या तासाला बाईंनी एका शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली आणि माझं हसणं बंद झालं. तीच गोष्ट मी इथे लिहीत आहे.

क्रिस्टियन बर्कलंड यांचा जन्म 13 डिसेंबर 1867 रोजी नॉर्वे देशाच्या राजधानीत झाला. हा देश खूप उत्तरेला आहे. त्याच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. पण रात्री आकाशात हिरवे, लाल पडदे हलताना दिसतात. त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. तो कशाने होतो, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

बर्कलंड यांनी 1896 साली विचार मांडला की, सूर्याकडून विजेचे बारीक कण येतात आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीमुळे ते ध्रुवांकडे ओढले जातात. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. 1899 साली त्यांनी हाल्डे नावाच्या डोंगरावर वेधशाळा बांधून घेतली. सगळीकडे बर्फ आणि वादळी वारा! त्या मोहिमेत त्यांचा एक तरुण सहकारी कोसळत्या बर्फाखाली सापडून मरण पावला. तरीही 1902 साली ते पुन्हा निघाले आणि चार ठिकाणी ठाणी उभारली. आकाशात प्रकाश नाचू लागला की चुंबकसूची हलते, हे त्यांनी नोंदवलं. म्हणजे वर आकाशात विजेचे मोठे प्रवाह वाहत असणार!

प्रयोगशाळेत त्यांनी एक छोटी पृथ्वीच केली. गोळ्यात चुंबक ठेवला, तो गोळा हवा काढलेल्या पेटीत ठेवला आणि त्यावर विजेचे कण सोडले. काय आश्चर्य! गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी दिसू लागली.

पण अशा कामाला पैसा लागतो. तो मिळवण्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी तोफ केली. 1903 साली लोकांसमोर ती चालवताना मोठा जाळ झाला आणि फजिती झाली. पण त्या जाळातूनच पुढची वाट सापडली. सॅम आयडे या इंजिनिअरबरोबर त्यांनी विजेची भट्टी तयार केली. तिच्यात हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाई आणि त्यापासून पिकाचं खत तयार होई. 1905 साली त्याचा कारखाना निघाला. आता खत दुसऱ्या, कमी वीज लागणाऱ्या पद्धतीने करतात. पण आकाशातली वीजसुद्धा हवेतून थोडं खत करते आणि ते पावसाबरोबर शेतात उतरतं. म्हणजे आमच्या आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं!

खताचे पैसे बर्कलंड यांनी पुन्हा संशोधनालाच लावले. पण कष्टाने त्यांची तब्येत ढासळली. त्यांना झोप येईना, म्हणून ते औषध घेत. 15 जून 1917 रोजी, घरापासून फार दूर, जपानमधील टोकियो शहरात ते वारले. तेव्हा त्यांचं वय फक्त 49 होतं.

त्यांच्या माघारीही मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. अवकाशातून असे प्रवाह येत नाहीत, असंच बहुतेकजण धरून चालले. पुढे 1963 साली सोडलेल्या एका उपग्रहाला त्या प्रवाहांच्या खुणा मिळाल्या आणि बर्कलंड खरे ठरले. आज त्या प्रवाहांना बर्कलंड प्रवाह म्हणतात. 1994 साली नॉर्वेने 200 क्रोनरच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. पण हे बघायला ते कुठे होते?

मे 2024 मध्ये आपल्या लडाखमधील हानले गावाचं आकाशही अशाच प्रकाशाने लाल झालं होतं.

मित्रांनो, कुणी काही सांगितलं तर लगेच हसू नये आणि लगेच खरंही धरू नये. आधी पडताळून बघावं. मी आजोबांना ही सगळी गोष्ट वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण शेजारच्या काकांना बोलावून त्यांनी मला ती पुन्हा वाचायला लावली.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी