पेशींचा पुरावा वाचणारे डॉ. खानोलकर

भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले गेलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतकीय कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये एम.डी. होऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली.

ऊतीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हेच तेव्हाचे मुख्य साधन. त्याच्या बळावर त्यांनी कर्करोगाचा माणसाच्या सवयींशी असलेला संबंध उलगडला. घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कमरेवर उद्भवणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये नोंदविला. कुष्ठरोगात मज्जातंतूंची हानी कशी होते, यावरील त्यांचे संशोधनही मोलाचे ठरले.

योगायोग असा, की १९४१ मध्येच हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडून जंतू उजळवून दाखविले. संधिवाती तापातील दाहाचे कोडे हे या कल्पनेचे मूळ होते. आज मूत्रपिंड व त्वचेतील दाहाच्या निदानात हे तंत्र वापरले जाते. जिवंत पेशींवरील दाहाच्या खुणाही त्याने टिपता येतात.

१९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९५५ मध्ये ते पद्मभूषण झाले, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. कून्सही त्याच वर्षी गेले. परभणीसारख्या दूरच्या जिल्ह्यातून परळ गाठणाऱ्या कर्करुग्णाच्या उपचाराची दिशा आजही प्रथम काचपट्टीवरील त्या इवल्याशा कापावरच ठरते.