बेथेलचा धडा

ईश्वरापुढे सर्व माणसे समान, हे सांगणे सोपे. त्या समतेला पोटापाण्याचा आधार देणे कठीण. हे कठीण काम रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यात केले. त्यांचे स्मरण केवळ ख्रिस्ती समाजापुरते राहू नये.

ब्राह्मण कुळातील या तरुणाने १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. धाकट्या श्रीपतचा वाद न्यायालयात गेला. तो घरी परतला आणि त्याच्या शुद्धीवरून मोठे वादळ उठले. नारायणराव मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. १८६०च्या दशकात ते निजामी राज्यातील जालन्यास आले. त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः मांग समाजातील लोक. गावगाड्यापासून तुटल्यावर या माणसांनी जगायचे कशावर, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल, म्हणजे ईश्वराचे घर, हे गाव वसविले. तेथे प्रार्थनामंदिराच्या जोडीला शाळा, विहिरी, शेती आणि हातउद्योग आले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

इंग्लंडात १८४८ पासून मॉरिस, किंग्जले प्रभृतींनी ख्रिस्ती समाजवाद मांडला. नारायणरावांना त्या पंथाचे म्हणता येणार नाही. शिवाय बेथेल उभे राहिले ते दिवाणाच्या कृपेवर आणि मिशनच्या पैशावर. परंतु मुक्तीचा विचार भाकरीपासून तोडता येत नाही, हे सत्य त्यांनी आचरणातून दाखविले. समतेच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येक धर्माला आणि पक्षाला आजही हीच कसोटी लावली पाहिजे.